स्वस्त हेडफोन: चांगला आवाज की नुसता मोठा आवाज?

हेडफोनच्या खोक्यावर जे छापलेलं असतं, त्यावरून तो कसा वाजेल हे जवळजवळ कधीच कळत नाही. ‘१० मिमी ड्रायव्हर’, ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’, ‘एक्स्ट्रा बेस’, ‘एचडी साउंड’. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवर टांगलेली पाकिटं चाळा. चारशेच्या पाकिटावर हे शब्द आहेत आणि चार हजारांच्या खोक्यावरही आहेत. ऑनलाइन गेलात तर वर ‘एमआरपी ४,९९९, आज फक्त ८९९’ हे ठळक अक्षरात. मुळातली छापील किंमतच फुगवलेली असेल तर सवलतीच्या टक्क्यांना काय अर्थ राहिला? मग आठशे-हजार रुपये मोजणाऱ्या माणसानं ठरवायचं तरी कसं?

माझं मत असं आहे की स्वस्तातही खरोखर चांगला आवाज मिळतो आणि तो ओळखायला यंत्रं लागत नाहीत. ओळखीचं संगीत लागतं, इअरफोन कानात नीट बसलेला असावा लागतो, आणि जो जोरात वाजतो त्यालाच चांगला म्हणायची घाई टाळावी लागते. हे तिन्ही कसं करायचं ते सांगतो, पण आधी किमतीबद्दल.

किंमत वाढते तेव्हा नक्की काय वाढतं?

येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं घेतली आणि ती त्यांच्या बाजारभावाशेजारी ठेवून पाहिली. मोजमाप म्हणजे हेडफोन कोणता स्वर किती जोरात वाजवतो याचा आलेख. खालच्या स्वरांपासून वरच्यांपर्यंत कुठे उंचवटा येतो, कुठे खड्डा पडतो ते त्यात दिसतं. निष्कर्ष असा निघाला की या आलेखाचा किमतीशी काही संबंध दिसत नाही. म्हणून सगळे हेडफोन सारखेच वाजतात असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, फक्त तो फरक किमतीच्या चिठ्ठीवरून कळत नाही.

असं का होतं ते इअरफोनच्या पोटात डोकावलं की समजतं. आत एक पातळ पडदा असतो, त्याला तांब्याच्या केसासारख्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि जवळच एक चुंबक. गाण्याचा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून गेला की ते पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. या जोडालाच ड्रायव्हर म्हणतात. हेडफोनमध्ये हे तंत्र १९३० च्या दशकापासून आहे. लाखोंच्या संख्येनं बनवलं की हा सगळा जोड फार थोड्या पैशांत तयार होतो. आवाजाचा पोत ठरतो तो त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनी: पडद्यामागे पोकळी किती ठेवली, तिला छिद्र किती बारीक पाडलं, त्या छिद्रावर कसली जाळी लावली, आवाज बाहेर पडतो त्या नळीच्या तोंडाशी काय बसवलं. छिद्र जरा मोठं झालं तर बेस, म्हणजे खालचे स्वर, बदलतो. जाळी दाट झाली तर वरचे स्वर दबतात. यात सामानाचा खर्च नगण्य आहे. खर्च होतो तो जाणकार माणसाच्या वेळेचा, पुन्हा पुन्हा मोजून, ऐकून, परत बदलण्याचा. यालाच ट्यूनिंग म्हणतात. मिरजेच्या कारागिरानं घडवलेला उत्तम तंबोराही नीट लावला नसेल तर गवयाच्या उपयोगाचा नाही, आणि साधासा तंबोरा सुरात लागला असेल तर त्यावर मैफल होते. स्वस्त हेडफोनचंही तसंच आहे.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? कानावरच्या मऊ गाद्या, मोडणार नाही अशी बिजागरी, बरी वायर, बोलण्यासाठी चांगला माइक, बाहेरचा गोंगाट मारणारी यंत्रणा, वॉरंटी, आणि अर्थात जाहिरात. काही पैसे आवाजासाठीही लागतात. मोठ्या आवाजात न फाटणं, डावा आणि उजवा नेमके जुळलेले असणं, एकाच मॉडेलचे दोन नग सारखे वाजणं, या गोष्टी कडक तपासणीनंच येतात आणि तपासणी महाग असते. पण तोल साधलेला आवाज, म्हणजे गाणं कानाला बरोबर वाटणं, ही चैनीची गोष्ट नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कॉस कंपनीचे हेडफोन. त्यांचा ‘पोर्टा प्रो’ १९८४ मध्ये आला आणि जवळपास त्याच रूपात आजही विकला जातो. त्याचाच एक स्वस्त भाऊबंद आहे ‘केएससी७५’. कानाला अडकवायचा, दिसायला अगदीच साधा, अनेक वर्षं साधारण २० डॉलरला मिळत आलेला. क्लिपा तकलादू, बाहेरचा आवाज जराही अडत नाही, अगदी तळाचा बेस येत नाही. पण माणसाचा गाता आवाज त्यातून इतका मोकळा येतो की पाच-दहापट महाग हेडफोन बाळगणारे लोकही तो आवर्जून घेऊन ठेवतात. गेल्या काही वर्षांत हे काम चिनी कंपन्यांनी पुढे नेलं. चेंगडूच्या मूनड्रॉपनं २०२२ मध्ये ‘चू’ नावाचा वायरचा इअरफोन साधारण २० डॉलरला आणला. आत एकच ड्रायव्हर, पण ट्यूनिंग विचारपूर्वक केलेलं. पैसे कुठे वाचवले? वायर कायमची जोडलेली ठेवली, म्हणजे वायर गेली की इअरफोनच गेला. ही काटकसर मला प्रामाणिक वाटते. पुढच्या आवृत्तीत त्यांनी वायर बदलता येईल अशी केली.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय करायचं?

बहुतेक आकडे सोडून द्यायचे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं: आकडा मोठा तितका स्वर वरचा. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, म्हणून सगळे तेच छापतात. पण ‘२० हर्ट्झ वाजतो’ म्हणजे किती जोरात वाजतो? मधल्या स्वरांच्या मानानं तो ऐकूच न येण्याइतका क्षीण असला तरी छापायला कुणी अडवत नाही. किती डेसिबलच्या (आवाजाच्या जोराचं माप) फरकात हे पल्ले मिळतात ते सोबत लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काहीच वजन नाही. वर ज्याचं कौतुक केलं त्या केएससी७५ वर १५ ते २५,००० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. तो चांगला आहे तो या आकड्यामुळे नव्हे, आणि १५ हर्ट्झ त्यातून तुम्हाला ऐकू येणारही नाही.

ड्रायव्हरच्या आकाराचंही असंच. सहा मिमीचा चांगला ड्रायव्हर चौदा मिमीच्या वाईट ड्रायव्हरला सहज मागे टाकतो. ‘आत दोन-तीन ड्रायव्हर’ हेही स्वस्तात फार मनावर घेऊ नये. त्यांचा एकमेकांशी मेळ घालणं अवघड असतं आणि मेळ बसला नाही तर एकाच गाण्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात.

दोन आकडे कामाचे आहेत, ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक विजेवर तो किती जोरात वाजतो. फोनवर ऐकणार असाल तर १६ ते ३२ ओहमचे इअरफोन सहसा आरामात वाजतात. ओहम जास्त आणि सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर फोनवर आवाज पुरा चढत नाही. हे दोन्ही आकडे वाजवायला सोपं की अवघड एवढंच सांगतात. चांगलं की वाईट हे त्यात नाही.

चांगला आवाज ठरवायचा कुणी?

आवड ज्याची त्याची, असं आपण म्हणतो. पण यावर बरंच काम झालेलं आहे. जेबीएल आणि एकेजी ज्यांच्या छत्राखाली येतात त्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारापासून लोकांना बसवून, कोणता हेडफोन वाजतोय हे न सांगता, आवाज निवडायला लावले. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन अशा चार देशांत हे प्रयोग झाले. देश वेगळे, वयं वेगळी, कुणी तालमीतलं तर कुणी नवखं, तरी बहुतेकांची आवड एकाच दिशेला गेली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ठेवले तर जे ऐकू येतं, त्याच्या जवळचा आवाज लोकांना आवडला. बेस कुणाला थोडा जास्त हवा होता, कुणाला कमी, पण मधला गाभा सारखाच.

त्या गाभ्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. समोर कुणी बोलत असेल तर तो आवाज आपल्या कानात जसाच्या तसा पोचत नाही. कानाची पाळी आणि साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची कानाची नळी मिळून ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर बरेच मोठे करतात. जन्मापासून आपण असंच ऐकत आलोय, म्हणून मेंदूला तेच सरळ वाटतं. इअरफोन थेट नळीच्या तोंडाशी बसतो आणि पाळीला वगळतो, नळीचा नैसर्गिक घुमाराही बदलून टाकतो. म्हणून त्याला ३,००० हर्ट्झजवळचा तो उठाव स्वतःहून द्यावा लागतो. तो दिलाच नाही तर गायक रजईतून गातोय असं वाटतं, कोंदट. फार दिला तर तोच आवाज टोचायला लागतो. आपल्याकडच्या स्वस्त इअरफोनांमधली मोठी तक्रार इथेच आहे: बेस फुगवलेला, वरचं टोक चकचकीत केलेलं, आणि मध्ये जिथे माणसाचा आवाज राहतो तिथे खड्डा. दुकानात पंधरा सेकंद ऐकलं की हा प्रकार जबरदस्त वाटतो. तासभर नाट्यगीतं ऐकली की डोकं जड होतं.

आधी बसवा, मग ऐका

मला यावर जास्त बोलायचंय, कारण ‘बेसच नाही’ म्हणून परत केलेल्या इअरफोनांपैकी कितीतरी निव्वळ नीट न बसवल्यामुळे बदनाम होतात. रबरी टिपवाला इअरफोन कानाच्या नळीत हवाबंद बसला तरच खालचे स्वर पोचतात. सुईएवढी फट राहिली तरी बेस तिथून निसटतो. वरचे स्वर मात्र तसेच राहतात, आणि मग सगळा आवाज पातळ, कर्कश वाटतो. दोष ड्रायव्हरचा नसतो, टिपेचा असतो.

खोक्यात तीन आकाराच्या टिपा येतात आणि मधली बहुधा आधीच चढवलेली असते. बहुतेक लोक बाकीच्या दोन पिशवीतून बाहेरही काढत नाहीत. त्या काढा. विरुद्ध बाजूच्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन आत सारा, किंचित फिरवा, मग पाळी सोडा. स्वतःचं नाव उच्चारून पाहा: आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला आणि पंख्याची घरघर कमी झाली तर टिप बसली. आता गाणं लावून इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर टिप लहान पडतेय. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. डाव्याला मधली आणि उजव्याला मोठी असं पुष्कळांचं होतं. कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये हीच फट चष्म्याच्या काडीमुळे, केसांमुळे किंवा झिजलेल्या गादीमुळे पडते.

काय ऐकायचं?

स्वतःच्या पाठ असलेल्या गाण्यांवर तपासा, दुकानदाराच्या डेमो गाण्यावर नको. तो ट्रॅक दणका देण्यासाठीच निवडलेला असतो. एक पथ्य मात्र पाळा: ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांच्या काळातली ध्वनिमुद्रणं कितीही लाडकी असली तरी ती इथे वापरू नका. त्यांत खालचे आणि वरचे स्वर मुळातच कमी उतरलेले आहेत, म्हणून चांगला आणि सुमार हेडफोन त्यांवर सारखेच वाटतील. ॲपमधला डेटा वाचवायचा पर्यायही बंद करा.

माझी सगळ्यात विश्वासाची कसोटी म्हणजे ख्यालाच्या सुरुवातीचा नुसता तंबोरा. पुरुषी काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तंबोरा घेतला तर जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि सगळ्यात खालची, खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जवळ असते. आता गंमत बघा: फोनच्या टीचभर स्पीकरमधून ७० हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही, तरी खर्ज ‘ऐकू’ येतो. जवारीमुळे, म्हणजे तार जिथे घोडीला हलकेच घासते त्या जुळणीमुळे, त्या तारेतून १४०, २१०, २८०, ३५० अशी उपस्वरांची रांग निघते, आणि ती रांग ऐकून मेंदू तळाचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून ‘खर्ज ऐकू येतो का’ हा प्रश्न कुचकामी आहे. प्रश्न असा विचारायचा: खर्ज छेडल्यावर त्याला अंग आहे का, तो कानाशी भरीव लागतो का, आणि तो लागल्यावर जोडाच्या तारा त्याच्याखाली बुडतात की वेगळ्या राहतात? बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये खर्ज सगळ्यावर पसरतो. बेस नसलेल्यात नुसती झिणझिण उरते. तोल बरा असेल तर चारही तारा एकामागून एक वेगळ्या छेडलेल्या कळतात, आणि वरती तो न छेडलेला गंधार तरंगताना ऐकू येतो. खर्जाचा मूळ स्वर पहिला धरला तर त्या रांगेतला पाचवा, ३५० हर्ट्झजवळचा. दीड हजाराच्या इअरफोनमधून स्वयंभू गंधार स्वच्छ ऐकू आला की मला खरोखर आनंद होतो.

मग तबला. डग्ग्यावर तळहाताची टाच सरकवून वादक घुमारा वर चढवतो ना, तिकडे कान लावा. स्वर चढताना कळला, त्याची वाट कानाला दिसली, तर बेस चांगला. प्रत्येक ‘गे’ एकाच ‘धप्प’मध्ये गेला तर बेस भरपूर आहे पण चांगला नाही. दणका आणि चांगला बेस यांतला फरक मला याहून सोप्या रीतीनं सांगता येत नाही. उजव्यावर ‘ना’ चाटेवर वाजतो तेव्हा तो टणक आणि आखूड असावा. नंतर ‘तिं’ची आस लांबत जावी. दोन्ही सारखेच वाटले तर काहीतरी गडबड आहे.

वरच्या स्वरांसाठी भजनातले टाळ उत्तम. चांगल्या इअरफोनमध्ये टाळांचा आघात आणि नंतरचा विरत जाणारा नाद दोन्ही मिळतात. वाईटात नुसतं ‘चिस् चिस्’ होतं, आणि चार-पाच जोड असतील तर त्यांचा एकच पांढरा गोंगाट. गायकाच्या ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांकडेही लक्ष द्या. ती कानात सुईसारखी टोचायला लागली तर ५ ते ९ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात नको तेवढा उठाव आहे, आणि हा दोष सवयीनंही सहजी सुसह्य होत नाही.

शेवटी एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण किंवा बातमीपत्र लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी यायला हवा. एका बाजूला कलत असेल तर दोन्ही बाजू उलटसुलट कानांत घालून बघा. कलणं बाजू बदलत असेल तर दोष इअरफोनचा आहे, नसेल तर टिपेचा किंवा कानातल्या मळाचा. स्वस्त वस्तूत डाव्या-उजव्याचा असा फरक बऱ्याचदा निघतो, आणि तो निघाला तर नग सरळ बदलून मागावा.

जोराचा भ्रम

दोन इअरफोनांची तुलना करताना जो किंचित जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. आवाज कमी असताना कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज चढवला की बेस भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. आता फोनची व्हॉल्यूम तीच ठेवून एकाऐवजी दुसरा इअरफोन लावला, तर ज्याची सेन्सिटिव्हिटी जास्त तो जोरात वाजणार आणि ‘जिंकणार’. म्हणून आधी एखादं साधं बोलणं लावा आणि दोन्हीकडे ते सारखंच मोठं वाटेल अशी व्हॉल्यूम प्रत्येकासाठी ठरवून घ्या. मग गाणी लावा. बरेच निकाल इथे उलटतात.

‘नवा हेडफोन पन्नास तास वाजवल्यावर उघडतो’ असंही दुकानात ऐकाल. मोजून पाहिलं तर वापरानं होणारा बदल नगण्य निघतो. गाद्या थोड्या बसतात, आणि आपल्या मेंदूला त्या आवाजाची सवय होते. ही सवय फार ताकदवान असते. आठवड्यात वाईट आवाजही ठीक वाटायला लागतो. म्हणून परत करायची मुदत टळण्याआधी एकदा आपल्या जुन्या, ओळखीच्या हेडफोनकडे जाऊन यावं. आणि मागवण्याआधी परतीचा नियम वाचावा, कारण कानात घालायची वस्तू अनेक ठिकाणी परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात.

वायरचा की बिनवायरचा?

निव्वळ आवाजासाठी हजार रुपये खर्चायचे असतील तर वायरचा घ्या. बिनवायरच्या जोडीत त्याच हजारात दोन बारीक बॅटऱ्या, डबी आणि तिची तिसरी बॅटरी, दोन ब्लूटूथ चिप, माइक एवढं सगळं बसवायचं असतं. ड्रायव्हर आणि ट्यूनिंगच्या वाट्याला उरतं किती? शिवाय बॅटरी काही वर्षांत थकते आणि या डब्यांमध्ये ती बदलायची सोय जवळजवळ नसतेच. बिनवायरच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे: आतली चिप स्वरांचा तोल सुधारू शकते, त्यामुळे दोन-तीन हजारांत काही जोड्या छान जमलेल्या असतात. त्यांवर लिहिलेल्या एसबीसी, एएसी, एलडॅक या (ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतींच्या) नावांमुळे होणारा फरक ट्यूनिंगच्या फरकापुढे किरकोळ आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ब्लूटूथ इअरफोन लॅपटॉपला जोडून मीटिंग चालू केली की गाण्याचा आवाज एकाएकी टेलिफोनसारखा होतो. इअरफोन बिघडलेला नसतो. माइक सुरू झाला की जुन्या ब्लूटूथची जोडणी बोलण्याच्या अरुंद पद्धतीवर जाते आणि वरचे स्वर कापले जातात. माइक लॅपटॉपचाच निवडला की आवाज पूर्ववत.

फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर लागेल. तो खर्च आधीच धरावा. वायर घेताना पिनेपाशी आणि डाव्या-उजव्या फाट्यापाशी ती कशी पकडलेली आहे ते बघा, तुटते ती तिथेच. वायर काढता येत असेल तर शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही.

लोकलमध्ये, एसटीत किंवा वाहत्या रस्त्यावर ऐकणार असाल तर कान नीट बंद करणारी टिप ही आवाजाइतकीच महत्त्वाची. उघड्या रचनेचा हेडफोन घरात सुरेख, पण डब्यात त्याचा बेस चाकांच्या खडखडाटाखाली जातो आणि मग हात व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. बाहेरचा गोंगाट टिपेनं अडवला तर तेवढ्यानंच पुष्कळ काम होतं. नॉइज कॅन्सलिंग मुख्यतः इंजिनासारख्या सलग, खालच्या घरघरीवर चालतं. शेजारच्या गप्पांसाठी पुन्हा टिपच कामी येते.

आलेख आणि अभिप्राय

हल्ली हौशी लोकही कृत्रिम कान विकत आणून शेकडो इअरफोन मोजतात आणि आलेख सगळ्यांना पाहायला ठेवतात. ते वाचायला शिकणं कठीण नाही. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल. २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास मोठा फुगवटा असेल तर आवाज कोंदट, ३,००० जवळ उठाव नसेल तर गायक मागे, ५ ते ९ हजारांत टोकदार सुळका असेल तर टोचणार. मात्र वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले आलेख शेजारी ठेवू नका, आणि ८,००० हर्ट्झच्या पुढच्या बारीक खाचाखोचांवर भरवसा ठेवू नका. तिथे मोजणाऱ्या नळीचा स्वतःचाच घुमारा मिसळतो.

विक्रीच्या संकेतस्थळावरचे पाच चांदण्यांचे अभिप्राय बहुधा पाकीट उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात. दोन आणि तीन चांदण्यांचे, काही महिन्यांनी लिहिलेले शोधा. ‘एका बाजूचा आवाज गेला’ ही तक्रार वारंवार दिसली तर आवाज कितीही गोड असो, तो इअरफोन स्वस्त पडणार नाही.

नवीन घेण्याआधी घरात पडलेला जुना इअरफोन एकदा काढून बघावा. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून झाडा. टिपांचा नवा जोड लावा, तो शंभरच्या आसपास मिळतो. मग फोनच्या इक्वलायझरमध्ये (स्वरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) वाढवण्याऐवजी कमी करायला लागा: आवाज कोंदट असेल तर २५० हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली, टोचत असेल तर ६,००० ते ८,००० ची पट्टी तेवढीच खाली. पट्ट्या वर ढकलल्या तर आवाज फाटायची भीती असते, खाली ओढल्या तर नसते. एका वेळी एकच पट्टी हलवा, तोच तंबोरा, तोच तबला पुन्हा ऐका, आणि फरक कळला नाही तर ती पट्टी जागेवर परत आणून ठेवा.